तळघरातली ताई आणि ठामवाल्यांची मिशी

देशाचा कारभार चालवणाऱ्या माणसांच्या गळ्यावर रोज उघडा वस्तरा फिरवायचा आणि वर त्याचा पगारही घ्यायचा, असं भाग्य फार थोड्यांच्या कपाळी लिहिलेलं असतं. ताईच्या वाट्याला ते बापाकडून आलं. सभागृहाच्या तळघरात एका बाजूला बॉयलरची खोली, दुसऱ्या बाजूला मोडक्या बाकांचं गोदाम आणि या दोघांच्या मधे चिमटीत धरल्यासारखं तिचं सलून. दोन खुर्च्या, दोन आरसे आणि गरम पाण्याचा एक नळ. हा नळ सोडला की आधी खोकायचा, मग गुरगुरायचा आणि मर्जी असेल तर पाणी द्यायचा. ताई त्याला नवरा म्हणायची. खरा नवरा तिने केला नव्हता. एवढ्या पुरुषांचे चेहरे रोज इतक्या जवळून पाहिल्यावर हौस उरत नाही, असं ती म्हणे.

बाप गेला तेव्हा खुर्च्या धाकट्या भावाकडे जाणार असं सगळे धरून चालले होते. पण धाकट्याला रक्ताचा थेंब दिसला की तो आडवा व्हायचा. पहिल्याच गिऱ्हाइकाच्या हनुवटीवर बारीकसा ओरखडा उठला आणि गिऱ्हाईक राहिलं बाजूला, यालाच पाणी मारून उठवावं लागलं. मग ताईने वस्तरा हातात घेतला. लोक म्हणाले, बाईमाणसाच्या हातात वस्तरा? ताई म्हणाली, "बाईमाणसाच्या हातात सुरी चालते ना तुम्हाला? कांदा डोळ्यांत पाणी आणतो, गळा बिचारा स्वतःहून वर होतो." आठवड्याभरात निम्मं सभागृह तिच्याकडे यायला लागलं. त्यातलं निम्मं दाढीसाठी यायचं आणि उरलेलं तिचं बोलणं ऐकायला.

कारण ताईच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की सुटला. समोरच्याच्या तोंडाला फेस, त्यामुळे उलट बोलायची सोय नाही. मांजराने कपाटात पिल्लं कशी घातली, शेजारीण जिन्यावर कपडे का वाळत घालते, बॉयलरवाल्याचं घोरणं भिंतीतून कसं ऐकू येतं, सगळं ती सांगायची. फक्त राजकारण सोडून. बापाचा नियमच होता तसा: वस्तरा दुसऱ्याच्या गळ्याशी असताना आपलं मत आपल्या खिशात. खुर्चीत कानावर पडलेलं कापलेल्या केसांबरोबर झाडून टाकायचं, हा दुसरा नियम. हे दोन नियम पाळले म्हणून बापाच्या हयातीत पाच सरकारं आली, पडली, पण सलूनच्या आरशाला तडा गेला नाही.

आणि मग ती लढाई आली.

डोंगरापलीकडची लढाई, एवढंच तिचं नाव. ती का सुरू झाली हे सुरुवातीला सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. मग काहींना ठाऊक होतं, मग कुणालाच नाही. रस्त्यावर, बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत, जिथे माणूस भेटेल तिथे तो लढाईला कंटाळलेला भेटायचा. पण सभागृह म्हणजे काही रस्ता नव्हे. तिथे दोन तट पडले. सैन्य माघारी आणा म्हणणारे ते परतवाले, आणि काही झालं तरी तिथेच ठाम उभं राहा म्हणणारे ते ठामवाले. सरकार ठामवाल्यांचं. ठाम राहायचं कुणी, तर डोंगरापलीकडच्या पोरांनी. हे स्वतः जेवणाच्या सुट्टीनंतर दहा मिनिटंही जागेवर ठाम बसत नसत.

भांडण वरून झिरपत झिरपत तळघरात आलं. परतवाल्यांनी नळाजवळची खुर्ची धरली, ठामवाल्यांनी दाराजवळची. मग म्हणे टॉवेल वेगळे हवेत. मग ब्रश वेगळा हवा. "त्यांच्या गालाला लागलेला ब्रश माझ्या गालाला?" असं एक सद्गृहस्थ म्हणाले, आणि या गृहस्थांचा गाल म्हणजे काय लोणी लागून गेला नव्हता. ताईने दोन ब्रश आणले. एकाच्या दांड्याला लाल दोरा, दुसऱ्याच्या हिरवा. दोन्ही ब्रश ती एकाच मगात बुडवायची आणि साबणही एकच होता. पण दोरे बघून मंडळी खूश होती. देश चालवणारी माणसं इतक्या स्वस्तात खूश होतात हे बघून ताईला कितीदा तरी आत जाऊन, तोंडात टॉवेलचा बोळा कोंबून हसावं लागे.

हसणं खरं होतं. पण एक गोष्ट त्या हसण्याच्या मागे होती आणि ती कुणालाच ठाऊक नव्हती. रक्त बघून आडवा होणारा तो धाकटा सैन्यात होता. कसा गेला? रागाने गेला. ताई त्याला "भित्रा" म्हणाली होती, लाडानेच म्हणाली होती, दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या नाव नोंदवून आला. आई त्याच्या जन्माच्या वेळीच गेलेली. ताईने त्याला अंगाखांद्यावर वाढवलं, दाढी करायला शिकवली, आणि आता तो डोंगरापलीकडच्या खिंडीत चौकीवर टेलिफोनच्या तारा जोडत बसला होता. गिऱ्हाईक विचारायचं, "ताई, घरी कोण कोण?" ताई म्हणायची, "मी आणि मांजर."

सांगितलं का नाही? तर लिफ्टवाल्याचं काय झालं ते तिने पाहिलं होतं. त्याचा पुतण्या जखमी झाल्याची बातमी फुटली, तशी परतवाल्यांनी त्याला सभेत उभं करून त्याच्याबरोबर फोटो काढले. दुसऱ्या दिवशी ठामवाल्यांनी त्याला दुसऱ्या सभेत उभं करून फोटो काढले. बिचारा दोन्ही फोटोंत सारखाच रडत होता. माझ्या धाकट्याला मी असा वाटून देणार नाही, असं ताईने तेव्हाच ठरवलं. रात्री मांजराला मात्र ती सगळं सांगायची, आणि मांजर कुठल्याही तटात नव्हतं.

आता त्या दोन म्हाताऱ्यांकडे येऊ.

ठामवाल्यांचा बिनीचा माणूस म्हणजे मिशीवाले काका. मिशी अशी की आधी मिशी दारातून आत यायची आणि मग काका. दोन्ही टोकं पीळ देऊन वर वळवलेली. निवडणुकीच्या पोस्टरवर चेहरा छापायचंही पक्षाने सोडलं होतं, नुसती मिशी छापायचे आणि लोक ओळखायचे. लढाईच्या बाजूने काकांइतकं गरजून कुणी बोलत नसे. भर मैदानात, हजारो लोकांसमोर मिशीवर हात ठेवून ते बोलले होते, "सैन्य परत आणायच्या बाजूला मी गेलो, तर ही मिशी उतरवीन!" हे वाक्य घराघरांत पोचलं होतं. शाळेतली पोरंसुद्धा पैज लावताना काकांची मिशी लावायची.

परतवाल्यांचे तसेच बिनीचे म्हणजे गुरुजी. एके काळी शाळेत गणित शिकवायचे, आता डोक्यावर एक केस नाही, पण दाढी मात्र गवतासारखी वाढायची. वर सभागृहात काका आणि गुरुजी एकमेकांचे वाभाडे काढायचे. खाली तळघरात मात्र दोघं शेजारशेजारच्या खुर्च्यांत, पोटावर हात ठेवून, गुडघेदुखीवर कुठलं तेल चांगलं याची चर्चा करायचे. त्यांची जोडी होती.

जोडी म्हणजे काय ते सांगायला हवं. सभागृहात जुना रिवाज आहे. मतदानाच्या वेळी या बाजूच्या एकाला यायला जमणार नसेल, तर तो त्या बाजूच्या एकाशी हात मिळवतो: मी मत देणार नाही, तूही देऊ नकोस, फिट्टंफाट. कागद नाही, सही नाही, नुसता शब्द. पण तो शब्द मोडणाऱ्याशी उभं सभागृह पुन्हा बोलत नाही. काका आणि गुरुजी म्हातारे झाल्यापासून मतदानाच्या घंटेला जिने चढायचा दोघांनाही कंटाळा. त्यामुळे मतदान आलं की ही जोडी ताईकडे दाढीला हजर. वर घंटा वाजते आहे, लोक धावताहेत, दारं बंद होताहेत, आणि खाली दोघं तोंडावर गरम टॉवेल घेऊन गाढ शांत. देशाच्या कित्येक मोठ्या निर्णयांत या दोघांनी एकमेकांना असं झोपून रद्द केलं होतं.

सैन्य परत आणायचा ठराव ज्या दिवशी मताला आला, त्या दिवशीही जोडी ठरल्याप्रमाणे आली. "आज तरी वर जा," असं दोघांनाही आपापल्या माणसांनी विनवलं होतं. गणित फार अटीतटीचं होतं. पण काका म्हणाले शब्द म्हणजे शब्द, आणि गुरुजी म्हणाले गणित मी शिकवतो, मला सांगू नका.

ताईचं गणित सरळ होतं. ठराव पास झाला तर धाकटा बर्फ पडायच्या आत घरी. पडला तर अख्खा हिवाळा त्या खिंडीत. तोंडाचा पट्टा मात्र तिने नेहमीपेक्षा जोरात सोडला होता. मांजराचं सातवं बाळंतपण ती इतकं रंगवून सांगत होती की गुरुजी टॉवेलखाली गदागदा हसत होते आणि टॉवेल त्यांच्या नाकावर उडत होता.

कोपऱ्यात भिंतीवर एक खोकं होतं. वर सभागृहात जे बोललं जाई ते सगळं त्या खोक्यातून तळघरात ऐकू येई, म्हणजे घंटा ऐकायची कुणाची राहायला नको. ताईला त्या खोक्याची इतकी सवय की नळाच्या खोकण्याइतकंच ते तिला ऐकू यायचं. गुरुजींना टॉवेलखाली मऊ व्हायला ठेवून ती काकांच्या मिशीकडे वळली. ओठावर लोंबणारे दोनचार केस बारीक कात्रीने छाटायचे, एवढंच काम. इतकी वर्षं डोळे मिटून केलेलं.

"...आणि आताच हाती आलेल्या बातमीनुसार," खोकं म्हणालं, "खिंडीतल्या चौकीशी पहाटेपासून संपर्क तुटलेला आहे."

कच्च.

आवाज फार मोठा नव्हता. काकांच्या मांडीवरच्या पांढऱ्या कापडावर काहीतरी पडलं. मांजराच्या पिल्लाचं शेपूट असावं तसं, टोकाला अजून पीळ कायम. डाव्या बाजूची अख्खी मिशी.

ताईने कापडाकडे पाहिलं. मग काकांकडे. काकांनी आरशात पाहिलं. आरशातल्या माणसाची उजवी बाजू ठामवाल्यांची होती आणि डावी बाजू कुणाचीच नव्हती.

"किती घेतलेस?" काका ओरडले. आवाज असा की बॉयलरवाल्याचं घोरणं थांबलं. "परतवाल्यांकडून किती घेतलेस, बोल! या टकल्याने पढवलं ना तुला?"

"काय झालं? कुणी पढवलं?" गुरुजी टॉवेलखालून म्हणाले आणि टॉवेल काढून बघतात तो त्यांनी आ वासला, आणि तो तसाच राहिला.

"काका," ताई म्हणाली. कात्री तिच्या हातातून गळून पडली होती. "त्या चौकीवर माझा धाकटा आहे."

"धाकटा सैन्यात? तू तर म्हणायचीस, मी आणि मांजर!"

"ते खोटं होतं. मी आहे, मांजर आहे आणि तो आहे. चौकीच्या तारा तोच जोडतो. संपर्क तुटला म्हणजे एक तर तार तुटली, नाही तर..." मग एकदम सगळं बाहेर आलं. "रक्त बघून चक्कर येते हो त्याला! मी भित्रा म्हणाले म्हणून गेला तो. मला सांगा, काय करायचं मी? रोज तुमच्या गळ्याशी वस्तरा धरते आणि तुम्ही म्हणता ठाम उभं राहा, ठाम उभं राहा, आणि मी फेस लावते. मिशीचं काय ती भरपाई करीन, नोकरी गेली तर जाऊ दे, पण मला आधी कुणीतरी सांगा तो जिवंत आहे का!"

आयुष्यात पहिल्यांदा ताईने आपलं मत खिशातून काढलं होतं, आणि काढलं ते सगळ्या खिशासकट. गरजणाऱ्या माणसाला शब्द सापडत नसले की तो फार केविलवाणा दिसतो, त्यात अर्धी मिशी. काकांनी फक्त विचारलं, "केवढा आहे?"

"तुमच्या नातवाएवढा."

एवढ्यात दार धाडकन उघडलं. ठामवाल्यांचा प्रतोद आत घुसला. प्रतोद म्हणजे पक्षाच्या सगळ्या मेंढरांना मतदानाला हाकणारा माणूस. हा प्रतोद काडीसारखा, कायम धापा टाकणारा, आणि कुणाचं पूर्ण वाक्य ऐकून घ्यायची त्याला कधी सवयच नव्हती. तो सांगायला आला होता की जोडीबिडी गेली खड्ड्यात, एकेक मत सोन्याचं आहे, वर चला. "काका, जोडी..." एवढं तो म्हणाला आणि त्याला दिसलं.

अर्धी मिशी तोंडावर, अर्धी मांडीवर. बाजूला गुरुजी.

"उतरवताय?" प्रतोद किंचाळला. "तुम्ही? मिशी उतरवताय?"

"अरे गाढवा, ऐक तरी..." काका उठायला गेले, पण गळ्याभोवतीचं कापड खुर्चीत अडकलं आणि ते परत बसले. तोपर्यंत प्रतोद जिन्यावर होता. त्याचा आवाज एकेक मजला चढत गेला. "काका फुटले! मिशी उतरली! काका फुटले!"

आता यातली गंमत समजायला एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ठामवाल्यांत कितीतरी जणांना सैन्य परत यावंसं मनातून वाटत होतं. घरी बायका बोलत होत्या, मतदारसंघात लोक दारात उभं करत नव्हते. पण काकांसमोर आधी कोण तोंड उघडणार? प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत ठाम बसला होता. आणि आता ज्याची भीती, तोच मिशी उतरवून मोकळा झाल्याची बातमी आली. पाचावर धारण बसलेल्यांना एकदम मोकळा श्वास आला, आणि इतका वेळ कोंडलेला श्वास सुटला की गोंगाट होतोच.

खोकं वेडं झालं. "सदस्यांनी जागेवर बसावं... बसावं... बाकावर उभं राहू नये... उतरवली आहे? कुणी उतरवली आहे?... मिशीचा उल्लेख कामकाजातून काढून टाकण्यात येत आहे... आपण त्या बाजूला का चाललात?... आपणही?" आणि मग घंटा. मतदानाची लांबलचक घंटा.

गुरुजी खुर्चीतून ताडकन उठले. ओला टॉवेल खांद्यावर. "उठ," ते काकांना म्हणाले. "वर जा आणि खरं काय ते सांग. मत देऊ नकोस, पण दारात उभा राहून सांग, कात्री सरकली म्हणून. दारं बंद व्हायला अजून अवकाश आहे."

"तुला काय रे झालं? जिंकतोयस ना?"

"असं नको जिंकायला! वर्षभर घसा कोरडा केला मी. आकडे मांडले, नकाशे दाखवले. ते सगळं राहिलं बाजूला आणि एका कात्रीने ठराव पास व्हायचा? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील पोरं घरी आली," काका म्हणाले.

"पण ते खोटं आहे! तू बाजू बदललेली नाहीस!"

"तुला कुणी सांगितलं?"

काका खाली बघत होते, मांडीवरच्या मिशीचा पीळ बोटाने उगाच नीट करत होते. "मैदानात बोललो ना मी," ते म्हणाले, "तेव्हा हजारो माणसं ओरडत होती. बरं वाटतं रे. मग ते सोडवत नाही. आणि ही पोरगी इतके दिवस माझ्या गळ्याशी वस्तरा घेऊन उभी, आणि हिने हूं की चूं केलं नाही. मी असतो तर पहिल्याच दिवशी कापला असता."

"मग तसं वर जाऊन सांग!" गुरुजी ओरडले. "मन बदललं असं सांग! जोडी मी सोडतो, जा, मतही दे!"

"तुझी जोडी मी सोडणार नाही. आणि वर जाऊन बोललो की पुन्हा भाषण होईल. माझं भाषण कसं असतं तुला ठाऊक आहे, बोलता बोलता परत ठाम होऊन बसेन."

आयुष्यात पहिल्यांदाच दोघं भांडताना एकमेकांच्या बाजूने बोलत होते. ताईला खरं तर म्हणायला हवं होतं, की काका, जा, माझ्या चुकीपायी तुमचं नाव घालवू नका. वाक्य जिभेवर आलंही होतं. तिने ते गिळलं. पुढे कधीही तिने याबद्दल स्वतःला बोल लावला नाही, आणि लावावा असं मलाही वाटत नाही.

काका खुर्चीत मागे रेलले आणि मान वर केली. "ताई, उरलेलीही काढ."

"माझे हात बघा काका."

"गुरुजी, तिचं मनगट धर."

गुरुजींनी ताईचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. गरम पाणी हवं होतं, पण नळ नुसताच खोकला, म्हणून गार पाण्यावर भागवलं. लाल दोऱ्याचा ब्रश की हिरव्या दोऱ्याचा, हे विचारायला कुणाला वेळ नव्हता. ठामवाल्यांच्या मिशीला परतवाल्यांच्या आधाराने ताईने वस्तरा लावला, आणि वर सभागृहाची दारं बंद झाली.

मग खोक्यातून नुसती खरखर. बाजूच्या खोलीतला बॉयलरवालाही दारात येऊन उभा राहिला. त्याला काय चाललंय कळत नव्हतं, पण तोही श्वास रोखून होता. शेवटी आकडे आले. ताईला आकडे ऐकूच आले नाहीत, तिने गुरुजींच्या तोंडाकडे पाहिलं. गणिताच्या माणसाचं तोंड उत्तर लपवू शकत नाही.

ताईने किंकाळी मारली. तिने गुरुजींच्या टकलावर सगळ्यांदेखत मुका घेतला, मग काकांच्या गुळगुळीत ओठाकडे बघून तिला हसू फुटलं. सोललेल्या बटाट्यासारखा तो चेहरा! काकांनी आरशात पाहिलं आणि तेही हसायला लागले. गुरुजी तत्त्वासाठी थोडा वेळ रागावून उभे राहिले, पण हसणं लागण झाल्यासारखं पसरतं. तिघंही जमिनीवर, कापलेल्या केसांत बसून, पोट धरधरून हसत होती. ताईचं हसणं मधेच रडणं झालं आणि परत हसणं झालं. तार दुसऱ्या दिवशी दुपारी जोडली गेली. दरड कोसळून तुटली होती. जोडणारा धडधाकट होता.

काकांना पक्षाने त्याच संध्याकाळी काढलं. वर्तमानपत्रांनी लिहिलं की मिशी विकली. भाव किती आला याचे निरनिराळे आकडे छापून आले आणि काका ते सकाळी सलूनमध्ये मोठ्याने वाचून दाखवत. खरं काय ते त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. पोस्टरवर काय छापायचं हा पक्षाला प्रश्न पडला. मिशी त्यांनी पुन्हा वाढवली नाही. ताईने एकदा विचारलं तर म्हणाले, "सूप प्यायला बरं पडतं."

धाकटा घरी आला तेव्हा पहिला बर्फ पडायचा होता. काळवंडलेला, गालफडं बसलेली, दाढी छातीपर्यंत. ताईने त्याला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं, अंडी तळली, बटाटे ठेवले. तो खाली मान घालून खात होता. ताई समोर बसून त्याचा प्रत्येक घास बघत होती. आता काहीतरी गोड बोलेल, आठवण यायची ताई, असं काहीतरी म्हणेल, म्हणून ती वाट बघत होती.

धाकट्याने ताट बाजूला सारलं. "एक सांगू का ताई, परत आणायला नको होतं आम्हाला."

"काय?"

"चौकी कशी उभी केली होती आम्ही, तुला कल्पना नाही. आणि इथे या लोकांनी हात वर केले आणि झालं! तो मिशीवाला तर... त्याच्या भरवशावर आम्ही तिथे टिकलो होतो. विकला गेला साला. असला माणूस मला भेटला ना, तर..."

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. ती उठली आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या घरात, आपल्या स्वयंपाकघरात, कुणाच्याही गळ्याशी काही नसताना कचाकचा भांडली. तुला काय कळतं, ती म्हणाली. तूच घरी बसलेली, तुला काय कळतं, तो म्हणाला. कसली चौकी, तुझ्या त्या तारांसाठी मी अख्खं वर्ष झोपले नाही! तुला कोण म्हणालं जागी राहा? मांजर कपाटावर जाऊन बसलं. शेजारणीने भिंतीवर थापा मारल्या. धाकटा टेबलावर मूठ आपटत होता, लालबुंद झाला होता, त्याच्या गळ्याची शीर ताडताड उडत होती.

ताईचं लक्ष त्या शिरेकडे गेलं आणि ती एकदम थांबली.

"काय बघतेस?" धाकटा ओरडला. "उत्तर दे ना!"

"काही नाही," ताई म्हणाली. तिने आणखी दोन अंडी फोडली आणि तव्यावर सोडली. "बोल तू. तुझंच चुकतंय, पण बोल. मला ऐकू येतंय."